कुंदाचं मुठेल

वैशाखात दुपार झाली की कुंदा वितळायची आणि तिन्हीसांजेला पुन्हा गोठायची. वाडीत कुणी त्याचा बाऊ केला नाही. कोकमाच्या बियांचं तेल तसंच वागतं, आणि कुंदा जन्मभर तेच काढत आलेली. उकळून वर आलेलं तेल घट्ट व्हायला लागलं की मुठीत दाबायचं, बोटांचे वण उठले की झालं मुठेल. भेगाळलेल्या टाचांना त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. मात्र दाबलं की लगेच खाली ठेवायचं, नाहीतर हाताच्या उबेनेच विरघळतं.

थोरली बहीण चारुशीला, तीही मुठेल वळणारीच, रोज तिला परातीत झेलायची. तिला तरी दुसरं कोण होतं? एक थेंब सांडू द्यायची नाही.

हल्ली कुंदा रवाळ गोठायला लागली होती. आधी गालाला कणी लागली, मग आवाजाला.

"ताई, मी बिघडले का गं?"

"बिघडतेस कशाला? सावकाश गोठलं की कणी धरतेच. गुण तोच राहतो."

गिऱ्हाइकांनाही ती हेच सांगायची, आणि ते खरंच होतं. पण एका संध्याकाळी कुंदा गोठून उठली आणि म्हणाली, "तुम्ही कोण?"

दुसऱ्या दुपारी चारुशीलाने विहिरीच्या पायरीवर बसून वितळलेल्या कुंदाची परात गार पाण्यात तरंगत ठेवली आणि हाताने ढवळायला घेतलं. ढवळत गार केलं तर कणी धरत नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"ताई," परातीतून आवाज आला. एक कणी नाही त्यात. "थांबू नकोस."

ओळखलं हो तिने. चारुशीलाला रडू फुटलं. ती रडत असतानाच तेल घट्ट झालं, आणि हातच तो, त्याला जन्माची सवय. मूठ आपोआप मिटली आणि दाबली गेली.

उघडून पाहिलं तर परात रिकामी, आणि तळहातावर पांढरंशुभ्र, गुळगुळीत मुठेल. त्यावर तिच्या चार बोटांचे वण.

"कुंदा?"

"ओ," मुठेल म्हणालं. "खाली ठेव मला."

तेवढ्यात शेजारची सुमती लंगडत विहिरीवर आली. "टाचा फुटल्यात गं माझ्या. ताजं दिसतंय, दे बघू इकडे."

"हे नाही द्यायचं."

"मग ठेवतेस कुठे? ऊन आलंय काठावर."

चारुशीलाने मूठ मिटली, होती नव्हती ती सगळी माया एकवटून घट्ट मिटली.

"ताई, सोड," आतून आवाज आला.

तिने आणखी घट्ट धरलं. बोटांच्या फटीतून पहिला थेंब निघाला आणि मनगटावरून कोपराकडे चालू लागला.