सोमवारचा ठोकळा

मी एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, प्लास्टिकचा. पोटात मेण, आणि मेणात मुद्दाम पेरलेले खोटे आजार: काही दोरे, काही गाठी आणि बारीक कणांचे पाच पुंजके. बायकांच्या छातीचा एक्स-रे काढणाऱ्या यंत्राची नजर तपासायला मला घडवलं.

दर सोमवारी, पहिली बाई आत येण्याआधी, एक्स-रेवाल्या ताई मला यंत्रावर ठेवायच्या. माझं चित्र आलं की भिंग लावून मोजायच्या. निदान तीन पुंजके दिसले तर यंत्र पास. किरण किती लागले तेही बघायच्या. जास्त किरण अंगाला बरे नव्हेत. "ठोकळोबा, तुझ्याइतकं खरं बोलणारं माझ्या सासरी कुणी नाही," म्हणायच्या. मी फुगायचो.

एका सोमवारी दोनच पुंजके दिसले.

"किरण वाढवा की थोडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वाढवले. चित्र उजळलं, पुंजके दोनच. चष्म्याची काच मळली असेल तर दिवा मोठा करून काय होणार?

"दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागेल," ताई म्हणाल्या.

"आणि बाहेर वीस जणी बसल्यात, त्यांना काय सांगू? बघू पुढच्या महिन्यात."

 ताईंनी फायलीतून माझंच जुनं, गोरंगोमटं चित्र काढलं आणि त्यावर त्या दिवसाची तारीख घातली. पुढच्या सोमवारीही तेच. मी खणात, चिकटपट्टीशेजारी. माझ्याच तोंडी खोटं घातलं, तेही मला न विचारता!

त्यातच ताईंच्या वहिनी तपासणीला आल्या. मी खणातून ऐकत होतो.

"वन्सं, हळू दाबा हो. भावावरचा राग माझ्यावर काढू नका."

"दाबल्याशिवाय नीट दिसत नाही, वहिनी. धरा श्वास."

चित्र स्वच्छ आलं. वहिनी हसत घरी गेल्या.

सात महिन्यांनी त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. दुसरीकडे काढलेल्या चित्रात गाठीभोवती कण होते, माझ्या पोटातल्यासारखेच. बरेच जुने असावेत, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी ताईंनी खण उघडला. मला ओढणीने पुसलं, यंत्रावर ठेवलं. "बोल," म्हणाल्या.

दोनच पुंजके. त्यांनी तीनदा मोजले. मग दार उघडून बाहेरच्या बायकांना म्हणाल्या, "यंत्र आजपासून बंद. आधी तपासून गेलेल्यांना मी स्वतः फोन करते."

यंत्र आता दुरुस्त झालंय. वहिनींचे उपचार चालू आहेत. मी पुन्हा दर सोमवारी यंत्रावर असतो, पण ताई मला ठोकळोबा म्हणत नाहीत. त्यांना धीर होत नसावा. आणि मीही अजून पाघळलेलो नाही.

मित्रांनो, मला फुलासारखं जपा असं माझं म्हणणं नाही. कुणी "सगळं ठीक आहे" म्हणालं, की माझ्यासाठी एवढंच विचारा: आज मोजलंत का?