न शिवता उलटलेली होडी

मित्रांनो, हातभर लांबीची, सागवानी लाकडाची एक जुनी लाँच आहे मी. खऱ्या समुद्रात मी कधीच गेले नाही. तरीही एका माणसाच्या मरणाचा उलगडा माझ्यामुळे झाला, आणि त्या दिवसाचा धक्का माझ्या लाकडातून अजून गेलेला नाही.

१९५८ साली रेवसच्या तुळशीराम सुताराने मला कोरले. त्याच्या महिनाभर आधी खाडीच्या उथळ तोंडाशी हरेश्वर नाखवाची होडी उलटली आणि तो बुडाला. त्याच्या जरा आधी तिथून एका शेठजींची नवी वेगवान लाँच गेली होती. पण ती होडीपासून शंभर हात लांब होती. लाँच चालवणाऱ्या दादू सारंगाने तसे शपथेवर सांगितले, आणि ते खरेच होते. चौकशीत ठरले, नाखवा प्यायलेला असावा.

हरेश्वरची बायको ठमाबाई त्या वेळी काठाजवळ शिंपल्या वेचत होती. ती अलिबागला गुप्ते नावाच्या निवृत्त इंजिनिअरकडे गेली.

"सायेब, गुडघ्याएवढं पानी एकदम घोट्यावर आलं," ती म्हणाली. "मंग छातीवर चढलं. माजा दादला सुदीत व्हता."

मग गुप्त्यांनी शेठजींच्या लाँचबरहुकूम मला करवून घेतले.

अंगणात पत्र्याचा लांबरुंद हौद बांधला. त्याच्या तळाला भोके पाडून काचेच्या नळ्या जोडल्या आणि बाहेरून वर आणल्या. तळावरचा दाब कमी झाला की नळीतले पाणी उतरे, वाढला की चढे. दोरीच्या टोकाला वजन टांगून त्याच्या ओढीने मला पळवायचे, आणि काठाशी एक बोटभर होडी ठेवायची. प्रयोग बघायला ठमाबाई आणि दादू दोघेही आले होते.

हौद काठोकाठ भरला होता तेव्हा मी झपाट्याने गेले. होडी जरा डोलली, एवढेच.

"मी सांगत न्हवतो?" दादू म्हणाला.

गुप्त्यांनी पाणी चार बोटांवर, खाडीच्या तोंडासारखे उथळ, आणले. वजन तेच ठेवले. मी निघाले, आणि पाणी मला एकाएकी जड लागले. माझ्या पोटाखालच्या नळ्यांतले पाणी सर्रकन खाली गेले. काठचा तळ उघडा पडला. पाठोपाठ माझ्या पुढच्या टोकापासून निघालेली लाट हौदभर आडवी उभी राहिली आणि होडी पालथी झाली. मी तिला शिवलेही नव्हते.

मला माझीच भीती वाटली. गुप्त्यांनी तीनदा पुन्हा तेच केले. तिन्ही वेळा होडी उलटली. मग निम्मे वजन बांधून माझा वेग कमी केला, तर ती नुसती हलली.

दादू ठमाबाईकडे वळला.

"वैनी," तो म्हणाला, "मी शिवलो न्हाय. पर मीच बुडवला त्याला."

ठमाबाई पालथ्या होडीकडे बघत होती. "तुला ठाव न्हवतं," ती म्हणाली. "आता ठाव झालं."

दादूने स्वतः जाऊन आपल्या लाँचचा वेग आणि लाट यांबद्दल नवा जबाब दिला. त्यात त्याची नोकरी गेली, पण हरेश्वरवरचा डाग पुसला गेला. खाडीच्या तोंडाशी 'सावकाश चालवा' अशी पाटी लागली. दोन वर्षे शाळेतली मुले मला पाहायला येत. पुढे हौद गंजला, गुप्ते थकले, आणि मी फळीवर धूळ खात पडले.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण पाणी उथळ असेल तिथे वेग आवरा. आपण कोणाला धक्का लावला नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आपली लाट कुठवर गेली, ते मागे वळून बघा.