सुतकातलं लोणचं

आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि मालिनीआत्या लोणच्याची बरणी कचऱ्यात रिकामी करायला निघाली होती.

"सुतकात हात लागलाय हिला. आता नासणारच. कोणी उघडली?"

"मी. सकाळी भातावर घेतलं."

"अगं चैत्राली, एवढी पुस्तकं वाचतेस, आणि इतकं साधं कळत नाही?"

बाहेरच्या खोलीत समाचाराला आलेल्या दोघींनी माना आत वळवल्या. तोवर खरवईच्या नव्या टॉवरमध्ये काय भाव चाललाय, ते त्या एकमेकींना सांगत होत्या. त्यातलीच एक आल्या आल्या म्हणाली होती, "सुटली हो बिचारी." कशातून सुटली? आई आजारी नव्हती, कंटाळलेलीही नव्हती. नळाला पाणी आलं म्हणून उठली, पिंप भरलं आणि ओट्याशीच खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. मी त्या बाईंना पाणी नेऊन दिलं होतं. या दिवसांत मी सगळ्यांना पाणीच देत होते.

"आमच्या उल्हासनगरला हवं तेवढं लोणचं मिळतं," आत्या समजुतीने म्हणाली. "दोन बरण्या पाठवते तुला."

मी तिच्या हातातून बरणी ओढून घेतली. तिच्या पदरावर तेल सांडलं. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

वैशाखात बनूबाईच्या टोपलीसमोर उकिडवं बसून आईने एकेक कैरी हुंगून घेतली होती. घट्ट नसेल ती परत. बनूबाई म्हणाली, "लग्नासाठी पोरगी बघतेस का गं?" त्यावर आई दिवसभर हसत होती. मसाला तिने स्वतः कालवला. बोटं झोंबली म्हणून रात्री दुधात बुडवून बसली. आता तसं लोणचं कोण घालणार? आणि आत्या दोन बरण्या पाठवणार!

त्या दोघी उठून गेल्या. समाचाराच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, तेवढी रीत त्यांनी पाळली.

दुपारी पानं वाढली. बिनफोडणीचं वरण, भात. मी बरणी शेजारी घेऊन बसले आणि फोड मुद्दाम हातानेच काढली.

"दादा, तू तरी सांग रे हिला!" आत्या बाबांना म्हणाली.

बाबा दरवर्षी पहिल्या घासाला म्हणायचे, "यंदा मीठ जास्त झालं." मग तळाचा खार पुसून खायचे. चांगलं झालंय, असं एकदाही म्हणाले नाहीत. आईला त्याचं हसू यायचं. मला कधीच आलं नाही.

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"मला दे."

"दादा, अरे सुतक आहे!"

"दे गं."

बरणी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. तरी मी चमच्याने शोधून शोधून सगळ्यांत लहान फोड काढली आणि त्यांच्या पानात टाकली.