मुदतीनंतरची हरकत

"टपाल आठ तारखेलाच पोचलंय तुमच्या घरी. मुदत पंधराला संपली, आज अठरा," प्राधिकरणाच्या कार्यालयातले साहेब म्हणाले. "एकूण रोख्यांच्या चौथ्या हिश्श्याच्या हरकती आल्या असत्या, तर ठराव पडला असता. दीड लाखाचे रोखे कमी पडले."

"बाबांचे दोन लाखांचे होते."

त्यांनी चष्मा काढला. "मग तुमचा एक कागद पुरे होता, ताई. वारसाची सही चालत होती."

मी खुर्चीची पाठ धरली.

बाबा हर्सूलला पाणीपुरवठ्याच्या पंपावर तीस वर्षे होते. निवृत्तीचे पैसे त्यांनी प्राधिकरणाच्या कर्जरोख्यांत घातले, कारण रोख्यांमागे करमाडची जमीन तारण होती. ते तारण काढून घेण्याचा ठराव येतोय असे कळल्यावर दोन महिने ते रोखेधारकांच्या घरोघर हिंडले. "कायद्यानं नाही म्हणायचा हक्क दिलाय. तेवढं म्हणा," असे सांगत. नोटीस आणि हरकतीचा छापील अर्ज रजिस्टरने आला, तो बाबा गेल्याच्या चौथ्या दिवशी.

"सुतकात सह्या करीत नसतेत, तनू," म्हणून चतुराआत्याने पाकीट फळीवर ठेवले. मी मान डोलावली. कुणी पाठवलेय एवढेही पाहिले नाही. काल तेराव्याची पंगत उठल्यावर फोडले.

जिन्याखाली अन्सारचाचा थांबले होते. पंपावरचे बाबांचे जोडीदार. बाबांच्या शब्दावर त्यांनी लेकीच्या, तहरीमच्या, शिक्षणाचे पैसे याच रोख्यांत ठेवलेले.

"काय म्हनले, बेटा?"

मी सगळे सांगितले.

"म्हंजे पुंडलिकचाच कागद राह्यला?" त्यांना हसू फुटले आणि तिथेच विरले. "मला दोनदा झापलं त्यानं. अन्सार, तू लई भुलक्कड, अर्ज आला की पहिले तुझा टाक म्हने. टाकला ना मी!"

"चाचा, माझ्यामुळं झालं."

ते पायरीवर बसले.

"व्हय," मग म्हणाले. "पन अर्ज दे. मोजणार नाय, तरी दे. आवक नंबर पडू दे त्याच्यावर. त्यानं नाय म्हनलं होतं, हे कुठंतरी असू दे."

मी पुन्हा वर गेले. साहेबांनी पेन पुढे केले. रोखेधारकाच्या रकान्यात बाबांचे पूर्ण नाव आधीच छापलेले होते, अगदी रेघेला चिकटून. नावाआधी 'कै.' लिहायला जागा नव्हती.

मी ते समासात लिहिले.