काल डावा, आज उजवा

अझ्रू या डोंगरातल्या गावी मुलींच्या शाळेत इत्तो खेळाची शिक्षिका होती, म्हणजे पगार तरी त्याचाच घ्यायची. प्रत्यक्षात भिंतीला लागून पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती शिट्टी फुंकायची, आणि मुली मैदानाला एक फेरी मारल्यासारखं करून दुसऱ्या टोकाला गप्पा मारत बसायच्या. हिवाळ्यात खुर्ची उन्हात, उन्हाळ्यात सावलीत, एवढाच काय तो वर्षभरातला फरक. मैदानही आता अर्धंच उरलं होतं. मुख्याध्यापक सी (म्हणजे श्रीयुत) जिलाली यांनी एकदा बर्फाचं निमित्त करून आपली गाडी आत लावली. बर्फ वितळलं, गाडी राहिली, आणि तिच्या शेजारी बाकीच्या मास्तरांच्या गाड्याही येऊन बसल्या. इत्तोने हूं की चूं केलं नाही.

एके काळी हीच इत्तो घाटरस्त्याने अशी धावायची की देवदाराचे ओंडके वाहणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून तिला सलाम करायचे. देशाच्या संघात निवड होण्याच्या बेतात टाचेवरची शीर तुटली. मग नोकरी लागली, लग्न झालं, खुर्ची मिळाली. कुणी जुनी गोष्ट काढली की ती पाय चोळत म्हणायची, "पायानं दगा दिला."

त्या मंगळवारी ती तासाच्या मध्येच चहा आणायला गेली. पुदिना संपला होता म्हणून तशीच परतली, तर खुर्चीवर निहाद बसलेली. ही मुलगी अभ्यासात मधली, जिभेने फटकळ आणि नकलांत सगळ्यांच्या पुढे. तिने डोक्याचा रुमाल इत्तोसारखा मागे बांधला होता, पाय लांब सोडले होते, आणि अर्धवट डोळे मिटून ती म्हणत होती, "पळा गं पोरींनो, पळा. मी बघतेय. मी उठले असते, पण हा पाय मेला..." तिने डावी टाच चोळली. मग दचकल्यासारखं करून उजवी चोळायला घेतली. "अगं बाई, काल डावा होता. आज उजवा."

मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मग एकीने मागे पाहिलं आणि सगळ्या चिडीचूप झाल्या.

इत्तोच्या कानांतून वाफा निघत होत्या. तिने निहादला दंडाला धरून थेट सी जिलालींच्या पुढ्यात उभं केलं. "हिला शाळेतून काढा."

सी जिलाली गोड माणूस. त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं आणि इत्तोला बसायला सांगितलं. "कशाला डोक्यात राख घालून घेता, इत्तोबाई? पोरकटपणा आहे. आणि खरं सांगू? तो तास म्हणजे तशी विश्रांतीच. पुढच्या वर्षी तो काढून फ्रेंच वाढवावं म्हणतोय. तुमची सोय ग्रंथालयात करतो. थंडी नाही, वारा नाही. खुर्चीसुद्धा चांगली देऊ, गादीची."

ते मनापासून भलं करत होते. तेच इत्तोला सोसवेना. त्यांनी ओरडायला हवं होतं. ती उठली आणि दार आपटून निघाली.

घरी नवरा मोहा लाकडाचा भुसा झटकून जेवायला बसला होता. मसुरीचं कालवण वाढता वाढता तिने सगळं सांगितलं, निहादच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मोहा पावाचा तुकडा कालवणात बुडवत ऐकत राहिला.

"अरे, काही बोलशील की नाही?"

"काय बोलू? पोरगी खोटं काय बोलली?"

"म्हणजे?"

"पाय कधीच बरा झालाय तुझा," मोहा म्हणाला. "डॉक्टरकडे मीच नेलं होतं ना तुला? आता धावा, म्हणाला होता तो. तू म्हणालीस, उन्हाळा जाऊ दे. ते उन्हाळे अजून जातायत."

तिने पळी पातेल्यात अशी आपटली की कालवण मोहाच्या शर्टावर उडालं. "मग इतकी वर्षं तोंडात काय धरून बसला होतास?"

"तू दुखतंय म्हणायचीस. खोटारडी म्हणू का बायकोला?"

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. पोरीने थट्टा केली, मुख्याध्यापकाने गादी देऊ केली, आणि या माणसाने दया केली. तिघांनाही ठाऊक होतं.

सकाळी ती देवदारांच्या रस्त्याला लागली. पहिल्या वळणापर्यंत तिच्या पायांना रागच पळवत होता. दुसऱ्या वळणावर छाती फुटायला आली, आणि तिसऱ्याच्या अलीकडे ती कठड्याला धरून ओकली. वरच्या फांदीवर माकडांचं एक कुटुंब खाणं थांबवून बघत होतं. "बघा, फुकट आहे," ती त्यांच्यावर खेकसली. दोन्ही टाचा ठणठणीत होत्या. दुखत होतं ते बाकी सगळं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. चढावर सी जिलालींना शिव्या, उतारावर मोहाला, आणि सपाटीवर, जिथे दम पुरायचा तिथे, स्वतःला. उत्साह वगैरे काही नव्हता. घरी बसलं की त्या हसण्याचा आवाज कानात घुमायचा, म्हणून ती बाहेर पडायची. पण महिन्याभराने शिव्या अर्ध्यावर संपू लागल्या आणि रस्ता उरू लागला.

मैदानातली खुर्ची तिने पहिल्याच आठवड्यात रखवालदाराला देऊन टाकली होती. आता ती मुलींच्या बरोबर धावायची. मुली कुरकुरल्या, दोघी-तिघींनी पोटदुखीचं सोंग केलं. निहाद हाताची घडी घालून उभीच राहिली.

"पळून काय होणार, बाई? तुमचं काय झालं?"

बाकीच्या मुली जवळ सरकल्या.

"काही नाही झालं," इत्तो म्हणाली. "मी बसून राहिले म्हणून काही नाही झालं. त्याचाच राग आहे मला. तुझ्यावरचा वेगळा आहे, तो नंतर काढीन. आता पळतेस की माझी नक्कलच करत म्हातारी होणार आहेस?"

निहाद पळाली ती बाईंना हरवायला म्हणून, आणि दुसऱ्या फेरीत तिने हरवलंही. मागे वळून दात काढले. इत्तो धापा टाकत पोचली आणि म्हणाली, "हात काय कोंबडीसारखे फडफडवतेस? कोपर आत घे. पुन्हा."

गाड्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. ती दोनदा सी जिलालींकडे गेली, दोनदा ते हसून "बघू" म्हणाले. मग एका सोमवारी ती शाळा उघडायच्या आधी आली, मैदानभर चुन्याच्या रेघा आखल्या आणि लवकर बोलावलेल्या मुलींना त्यांवर उभं केलं. सी जिलालींची गाडी फाटकात येऊन थांबली. हॉर्न वाजला. मुली बाईंकडे बघू लागल्या.

"कुणी हलायचं नाही," इत्तो म्हणाली.

सी जिलाली खाली उतरले. "इत्तोबाई, हा काय तमाशा आहे? जागा द्या."

"ही जागा पळण्यासाठी आहे, साहेब."

"मी वर तक्रार करीन."

"करा ना. लिहा, की खेळाची बाई मुलींना खेळवते आणि त्यामुळे माझी गाडी बाहेर राहते. पण माझं नाव नीट लिहा."

मागे इतर मास्तरांच्या गाड्या खोळंबल्या होत्या. गणिताच्या मास्तरांनी काच खाली करून विचारलं, "काय झालं, मागे घेऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता घेतलीसुद्धा. मग सी जिलालींना दुसरा इलाज उरला नाही.

तक्रार झाली. वरचे साहेब चौकशीला आले, मुली धावताना बघितल्या, चहा प्यायले आणि गेले. फ्रेंच वाढलं, पण खेळाचा तास कापून नाही. सी जिलालींनी इत्तोशी सलाम-दुआ बंद केली, ती आजतागायत बंद आहे.

हिवाळ्यात मेकनेस शहरात शाळांच्या शर्यती झाल्या. निहाद चिखलात दोनदा पडली आणि बरीच मागे आली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून रागाने रडत होती. इत्तो शेजारी जाऊन बसली.

"रड खुशाल. पण चढावर खाली मान घालून का पळत होतीस ते सांग."

"नव्हती घातली."

"मी बघत होते."

"तुम्हाला तिकडून काय दिसणार? तुम्ही तर त्या टोकाला संत्री खात होतात."

"मी तुझ्या बाजूबाजूने पळत होते, कारटे, चिखलातून. हे बघ बूट."

आवाज चढत गेले. शेवटी ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "बायांनो, जरा हळू. घाट आहे."

"तुम्ही पुढे बघून चालवा," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि पुन्हा शर्यतीतल्या त्या चढावरून भांडू लागल्या.