मागच्या चाकातला आतला पॅड

“अगं, कुणाला सांगू नकोस, पण खंडेरावभाऊ म्हणे आता गाडी…”

एवढं कानावर पडलं आणि सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली. शेजारच्या कुसाबाईंचं पुढचं बोलणं फक्त भागीबाईंना कळलं. दोघी डिकीला टेकून उभ्या, आणि मी त्यांच्या पायाशी, चाकाच्या आत.

मी खंडेरावांच्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकातला ब्रेक पॅड बोलतोय. लोखंडी पट्टी आणि तिच्यावर काळा, खरखरीत थर, एवढाच माझा देह. ब्रेक दाबला की मी आणि माझा जोडीदार चाकाबरोबर फिरणारी थाळी दोन्हीकडून आवळून धरतो.

मागं बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पण माणसांचं सगळं ऐकू येतं. मला खंडेरावांनी याच पार्किंगमध्ये बसवलं, तेव्हा त्यांची लेक उज्वला कॉलेजात होती. तिला गाडी त्यांनीच शिकवली. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वाजवायचे आणि हे म्हणायचे, “वाजवू दे, त्यांची बॅटरी जाते.” वणीचा गड उतरताना मी तापून लाल व्हायचो. खाली आल्यावर ते चाकाजवळ हात नेऊन बघायचे. तसा हात आता कोण नेतं?

मात्र शिकवूनही किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशातच राहिली. उज्वला सिन्नरला नोकरीला भाड्याच्या जीपनं जाऊ लागली, तरी गाडी दारात. “अजून चालवतोय ना मी,” म्हणायचे. ती किल्ली सोडणं त्यांना जड होतं.

मी झिजत गेलो. आतल्या बाजूचा म्हणून जोडीदारापेक्षा जास्तच. शेवटी पुठ्ठ्याएवढा उरलो आणि चीं चीं करू लागलो. मला वाटलं, गाडी विकायचीच बातमी असणार. पण रविवारी खंडेराव नवे पॅड घेऊन खाली आले. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, जॅक चढवला. मला बाहेर काढून म्हणाले, “दमलास रे.”

तेवढ्यात कुसाबाई आल्याच. “भाऊ, नवी वस्तू कोरीच बसवता?” हळदकुंकवाची कुयरी हातात होती. नुकताच देवाजवळ दिवा लावलेला, बोटं तेलकट. नव्या पॅडला त्यांनी मनापासून दोन बोटं लावली.

खंडेरावांनी कुंकू पँटला पुसलं आणि पॅड जागेवर ठेवायला गेले.

“आप्पा, थांबा,” शेजारी उभी उज्वला म्हणाली. “तेल राहिलंय त्याच्यावर.”

“कुठंय?”

“हे काय, एवढा मोठा डाग.”

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. पॅड उन्हात धरला. मग डोळ्यांजवळ आणला. डाग त्यांना दिसलाच नाही. तेल लागलेला ब्रेक घसरतो, गाडी धरत नाही, हे त्यांनीच लेकीला शिकवलेलं.

“अगंबाई, माझ्यामुळंच झालं,” कुसाबाई म्हणाल्या.

“नाही वहिनी, तुमच्यामुळं नाही.” त्यांनी पॅड आणि पाना उज्वलाच्या हातात दिला. “पॉलिश पेपरनं घास. आणि पिस्टन नुसता दाबू नकोस, फिरवत फिरवत आत घाल.”

ते पायरीवर बसून सांगत गेले, ती करत गेली. काम झाल्यावर ते सवयीनं उजव्या दाराशी गेले. तिथं जरा थांबले. खिशातली किल्ली काढून त्यांनी टपावर ठेवली आणि बॉनेटला वळसा घालून डावीकडं बसले.

“आधी उभ्या गाडीत ब्रेक चारपाचदा दाब,” एवढंच बोलले.

मला कुसाबाईंनी उचललं. त्यांचं वॉशिंग मशीन कपडे पिळताना खोलीभर फिरायचं. आता त्याच्या पायाखाली मी आहे. धरून ठेवणं हाच माझा धंदा, तो सुटला नाही. तुमच्या गाडीतून चीं चीं ऐकू आलं तर रेडिओ मोठा करू नका बाबांनो. आतला कुणीतरी संपत आलेला असतो.

“मी म्हटलंच होतं, भाऊ गाडी सोडणार,” कुसाबाई अजून सगळ्यांना सांगतात. म्हणजे ती बातमी अर्धी खरी निघाली. गाडी आहे, रोज सिन्नरला जाते. सुट्टीच्या दिवशी खंडेरावही बसतात, डाव्या सीटवर. उज्वला म्हणते, उतार आला की आप्पांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. तिथं ब्रेक नाही, हे त्यांना ठाऊक आहे.