टॉवेलचा हत्ती

श्रीरामपूरच्या घरात माडीवर बसून कृपा क्रूझच्या प्रवाशांच्या तक्रारी निकाली काढत असे. स्वतः ती बोटीत कधी बसली नव्हती. पुण्याच्या एका एजन्सीने तिला नेमलं होतं आणि नियमांचा तक्ता दिला होता. ठरलेलं बंदर चुकलं, तर भरपाई. केबिनमध्ये दिवसभर पाणी नाही, भरपाई. समुद्र खवळून मळमळलं, तर नुसती दिलगिरी. माणूस पहिल्या चार ओळींत काय ते सांगतो आणि पुढे राग ओततो, हा तिचा अनुभव. म्हणून ती चारच ओळी वाचायची.

शुक्रवारी सकाळी एक तक्रार उघडली आणि तिला हसू फुटलं.

"आई, ऐक. केबिनमध्ये रोज टॉवेल दुमडून त्याचा हत्ती करून ठेवायचे, तो मंगळवारपासून मिळाला नाही म्हणे!"

एस्तेरबाई शेजारी मेथी निवडत होत्या. "हत्तीसंगं माहूत बी मागितला असंल."

हत्ती काही तिकिटात धरलेला नसतो. कृपाने 'नामंजूर' दाबलं.

"आपला जोशुआ बी करतो की हत्ती," एस्तेरबाई म्हणाल्या. "सोंडेत पेपरमिंट खोवून. माझ्या संडे स्कूलच्या पोरांच्या गोळ्या, दोन पाकिटं घिऊन गेला मेला."

जोशुआ कृपाचा धाकटा भाऊ. मुंबईहून कोचीला जाऊन परत येणाऱ्या बोटीवर तो केबिन आवरायचा. ती जागा कृपानेच शोधून दिली होती. सोमवारपासून त्याचा फोन नव्हता. पण समुद्रात रेंज नसते, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आईला चिडवायला म्हणून कृपाने तक्रार पुन्हा उघडली आणि पाचवी ओळ वाचली. 'हत्तीच्या सोंडेत पेपरमिंटची गोळी असायची.'

तिचं हसू तिथेच विरलं. कर्मचाऱ्याच्या नावावर नेहमीसारखी काळी पट्टी होती. ती पुढे वाचत गेली.

'सोमवारी तो मुलगा एका हाताने पोट धरून, भिंतीला टेकत झाडत होता. आम्ही रिसेप्शनला दोनदा सांगितलं. दुसरा मुलगा पाठवतो, म्हणाले. हत्ती दिसला नाही तेव्हा कळलं, की तो आता बोटीवर नाही. भरपाई नको. त्याचं काय झालं, एवढं कळवा.'

"आई, तुझा फोन दे."

"का गं? काय झालं?"

पंधरा दिवसांपूर्वी कुणा भामट्याने वीजबिलाच्या नावाने एस्तेरबाईंना फोन केला होता. तेव्हापासून अनोळखी नंबरची रिंगच वाजू नये, अशी सोय कृपाने करून दिली होती. आता त्या न वाजलेल्या कॉलची यादी तिने काढली. एकाच नंबरचे एकोणीस कॉल. पहिला मंगळवारी पहाटेचा.

तिने तो नंबर लावला. पलीकडे एका नर्सने उचलला, हिंदीत दोन प्रश्न विचारले आणि फोन कुणाच्या तरी हातात दिला.

"ताई?" जोशुआचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "अपेंडिक्स फुटलं. मला कोचीला उतरवलं अन् बोट निघून गेली. हितं दवाखान्यात ऑपरेशन झालं. मोबाईल बोटीवरच ऱ्हायला. पाठ हाय तो आईचाच नंबर. ती उचलंच ना. मला वाटलं, घरीच काय इपरीत झालं."

एस्तेरबाईंनी फोन ओढून घेतला. "जेवलास का?"

"आज दोन घास पेज."

"आमी येतो. लगीच निघतो." हातातली मेथी कधी खाली पडली, ते त्यांना कळलंच नव्हतं.

निकाली निघालेली तक्रार वाचता येई, पण तिचा निकाल वरिष्ठांशिवाय कुणाला बदलता येत नसे. कृपाने पुण्याला फोन लावला.

"ती हत्तीची?" तिचे वरिष्ठ हर्षलसर हसले. "मॅडम, सगळं ऑफिस हसून लोळतंय तिच्यावर."

"सर, शेवटपर्यंत वाचा. तो माझा भाऊ आहे."

त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि निकाल बदलायला मोकळी करून दिली.

भरपाईच्या रकान्यात तीनच पर्याय होते: पैसे परत, कूपन, दिलगिरी. कृपाने दिलगिरी निवडली आणि खाली लिहिलं, 'तो कोचीत दवाखान्यात आहे. ऑपरेशन झालं. आज दोन घास पेज खाल्ली. तुमची तक्रार मी आधी पुरती न वाचताच नामंजूर केली होती. त्याची बहीण.'

"कृपे, चल, गाडी चुकंल," जिन्याखालून एस्तेरबाई ओरडल्या.

"आलेच."

पण ती उठली नाही. सकाळपासून नामंजूर केलेल्या तक्रारींची यादी समोर होती. सव्वीस. तिने पहिली उघडली आणि शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतली.